एका डब्यानं एक डिग्री

नागपूरजवळच्या वाडीत मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो ते घरमालक हिवाळ्यात स्वतः थंड पाण्यानं अंघोळ करायचे आणि माशांसाठी पाणी तापवायचे. गोदामातल्या लोकांना मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पुढे दोन-तीन वर्षं, नवा माणूस कामावर आला की त्याला ती सांगायची हा माझा ठरलेला कार्यक्रमच झाला होता. आता कोणी सांग म्हटलं तर मी विषय बदलतो.

अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाड्या भरून घेण्याच्या कामावर मी होतो. तिथून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. वरची खोली आम्हा नवरा-बायकोला, खाली ते आणि त्यांची मोठी बहीण. मागे अंगण. ते एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते; आयुष्यभर काचेच्या वस्तू पुसून कपाटात ठेवल्या आणि निवृत्त झाले. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं गा," इतक्या सहज की जणू गिरणीतून दळण आणायचं राहून गेलं होतं. मी त्यांना काकाजी म्हणायचो.

सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, काकाजी थर्मामीटर ठेवायचे. प्रयोगशाळेतला लांब, पाऱ्याचा, कापडी म्यानात घातलेला. चहात बुडवायचे, दुधात बुडवायचे, मग ओठाला लावायचे. माझ्या बायकोला एकदा ताप आला तेव्हा न बोलावता वर आले, तोच थर्मामीटर धुऊन तिच्या काखेत धरायला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "अडतीस." घरातल्या तापाची गिनती अठ्ठ्याण्णवपासून सुरू होते एवढंच तिला ठाऊक. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "माणूस अडतीसवर जिवंत राहते काय हो?" काकाजींनी तिला सेल्सिअस आणि फॅरनहाइट समजावून सांगितलं, वीस मिनिटं. ताप त्यानंच उतरला असं ती म्हणायची.

मागच्या अंगणात दोन टाक्या होत्या. लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनी प्लास्टिकच्या टाक्या असतात, हजार-हजार लिटरच्या, आमच्या गोदामात भंगारात निघायच्या. त्यातल्या दोन त्यांनी आणल्या. पूर्वी आत काय असेल नसेल म्हणून चाळीस दिवस रोज धुतल्या आणि रोज वास घेतला. शेवटी मला खाली बोलावलं. "माह्या नाकाले सवय झाली. तुमचं नाक नवं आहे, तुम्ही घ्या वास." मी टाकीत डोकं घालून वास घेतला, काही येत नाही म्हणालो, आणि मगच त्यांनी मासे आणले. चौदा चिलापी. एका टाकीत मासे. दुसरी आडवी कापून तिच्यात गिट्टी भरलेली आणि गिट्टीत पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. एक छोटी मोटर माशांचं पाणी उचलून गिट्टीवर सोडायची. माशांची घाण भाजीला खत व्हायची, आणि गाळून निघालेलं पाणी पुन्हा माशांत पडायचं. माती नाही, विकतचं खत नाही. निवृत्तीनंतर कुठल्याशा कृषी प्रदर्शनात त्यांनी हे पाहिलं आणि भारावून गेले.

"लोक म्हनते, कोनाचं कोनावाचून अडत नाही," ते मला टाक्या दाखवत म्हणाले होते. "इथं पाहा. इथं सगळ्याईचंच अडते."

भाजी आम्हाला मिळायची. मासे कोणालाच नाही. एकदा मी थट्टेनं, पण मनात थोडी आशा ठेवून, "एखादा तळायला काढा ना," म्हणालो. त्यानंतर आठ दिवस वर मेथीची काडी आली नाही.

टाकीमागच्या भिंतीवर ते खडूनं पाण्याची डिग्री लिहायचे, सकाळची आणि दुपारची. पावसाळ्यात, उन्हाळ्यात त्यात पाहण्यासारखं काही नसायचं. दिवाळी उलटली की मात्र तो माणूस बदलायचा. बोलणं कमी व्हायचं, जेवण कमी व्हायचं. सकाळी हात जोडून "नमस्कार काकाजी" म्हटलं तर उत्तर यायचं, "साडेसतरा." नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, थंडीचं कोणी बोलत नाही, पण मोकळ्यावरच्या वाडीत पौषात सकाळी नळाला हात लावला की बोटं दुखतात. टाकीभोवती त्यांनी थर्माकोल लावलं, त्यावर जुन्या रजया गुंडाळल्या. तरी पाणी उतरायचं. मग डबे.

वीस लिटरचे निळे प्लास्टिकचे डबे, घट्ट फिरकीच्या झाकणाचे. अंगणातल्या चुलीवर, गोदामातून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या जाळून, पाणी उकळत आणायचं. डब्यात भरायचं, झाकण आवळायचं, डबा बुडावा म्हणून त्याला वीट बांधायची आणि दोरीनं टाकीत सोडायचा. नळाचं पाणी माशांच्या पाण्यात मिसळता कामा नये म्हणून हा खटाटोप. "एका डब्यानं एक डिग्री," हे त्यांचं सूत्र. सकाळी सहाला तीन डबे, दुपारी एकला तीन डबे. साठीच्या पुढचा माणूस, पाठीत वाकलेला, वाफेत उभा राहून दोरी सोडतो आहे, हे जिन्यावरून पाहताना मला पहिल्या वर्षी मौज वाटायची. चुलीवर स्वतःसाठी बादलीभर पाणी काही उरत नसे. अंघोळ थंड पाण्याची.

कन्हानकडचा एक मत्स्यबीजवाला मधूनमधून यायचा. त्याच्या पिढ्या तळ्यात गेलेल्या. त्यानं रजया पाहिल्या, डबे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बापू, हे काय करून राहिले? थंडीत मासा खात नाही. त्याले खाऊ घालू नका, हात लावू नका, वरतून ताडपत्री टाका न सोडून द्या. तळाशी बसून राहते. फागुनात आपोआप उठते. काही मरत नाही." काकाजींनी सगळं मान डोलावून ऐकलं, त्याला चहा दिला, तो गेला, आणि ते चुलीत फळ्या सारायला लागले.

"काहून काकाजी?" मी विचारलं. "तो बरोबर सांगून राहिला होता."

"बरोबरच आहे त्याचं," ते म्हणाले. "पण मासा नाही खाल्ला तर बाई नाही खात."

बाई म्हणजे त्यांची बहीण. त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाई नवरा जाऊन माहेरी परत आलेली. काटोलकडच्या त्या घरातली सख्खी-चुलत मिळून सात पोरं तिनं वाढवली. काकाजी त्यातले शेवटचे. म्हातारपणी तिची आठवण जायला लागली तेव्हा बाकीच्यांनी तिची वाटणी करायची बैठक बसवली आणि काकाजी बैठक सुरू व्हायच्या आतच तिला वाडीला घेऊन आले. मी राहायला गेलो तेव्हा तिला वार कळत नव्हता, गाव कळत नव्हतं. काकाजींना ती कधी बाबू म्हणायची, कधी अहो मास्तर. जेवली की नाही तेही ध्यानात राहत नसे. पण टाकीतले मासे ही तिची पोट्टी होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं होतं.

रोज चारला ती कणकेच्या बारीक गोळ्या वळून मागच्या अंगणात स्टुलावर येऊन बसायची. काकाजी त्या कणकेत आधीच माशांचं खाद्य कुटून मिसळून ठेवायचे. गोळी पडली की चौदा तोंडं वर. "अरे हो हो, धकलू नका," ती दटावायची. "तू मघाशीच खाल्ला ना रे खादाड्या? त्या लाजऱ्याले येऊ दे." लाजरं कोणतं ते तिला बरोबर ओळखू यायचं. ताटली रिकामी झाली की पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "झाले पोट्टे. आता वाढ मले." मग भाकरी, भाजी, जे असेल ते मुकाट जेवायची. त्याआधी नाही. सकाळी चहाबरोबर पोळीचा तुकडा, बस. पोरं उपाशी असताना बाईमाणसानं जेवायचं नसतं, हे तिच्यात इतकं खोल गेलं होतं की बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते राहिलं. आणि बाई जेवल्याशिवाय काकाजी जेवत नसत.

पहिल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही दोघं गावी गेलो होतो तेव्हा, मासे खायचे थांबले होते. बाई दोन दिवस ताटाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं, सलाईन लावली. हाताची शीर सापडेना म्हणून चार ठिकाणी टोचलं. "त्या दिवशी मले डबे सुचले," काकाजी म्हणाले. हे सगळं ऐकल्यावर मी गोदामात ती गोष्ट सांगणं बंद केलं असतं तर बरं झालं असतं. केलं नाही. फक्त बाईचा भाग गाळून सांगायला लागलो.

एके दिवशी आभाळ होतं, ऊन पडलंच नाही. चार वाजले तरी पाणी सतरावर. बाई ताटली घेऊन आली, गोळी टाकली, कोणी वर आलं नाही. गोळी हळूहळू तळाला गेली. बाईचा चेहरा पडला. "रुसले काय माह्यावर?"

"नाही बाई, शाळेतून यायचे आहेत अजून," काकाजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच चुलीकडे खूण केली. मी फळ्या सारल्या. आणखी दोन डबे सोडले. बाई शाल पांघरून स्टुलावर बसून राहिली, दर थोड्या वेळानं फाटकाकडे पाहत. साडेपाचला पहिला मासा वर आला. काकाजींनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना देवापुढे कधी तसं उभं राहिलेलं पाहिलं नाही.

असे चार हिवाळे झाले. पाचव्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, त्यांचा हर्निया उतरला. डबे उचलून उचलूनच. डॉक्टर म्हणाले आता थांबता येत नाही. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी इस्पितळात, चार दिवस राहावं लागणार होतं. जाताना त्यांनी मला एक कागद दिला: सहाला तीन डबे, एकला तीन डबे, चारला खाणं, मग बाईचं ताट. दारातून परत फिरून म्हणाले, "अठराच्या खाली जाऊ देऊ नको गा."

पहिल्या दिवशी मी सगळं केलं. दुपारी गोदामातून तासभर सुटी मागून आलो. संध्याकाळी पाठ अशी धरली की वर जिना चढवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा सात डिग्री होती. फळ्यांवर दव पडून त्या भिजल्या होत्या, धूर नुसता. आता एकची सुटी मिळणार नाही, साडेतीनला काम संपलं की जा, असं साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. चुलीपुढे डोळे चोळत बसलो असताना मला एकदम सगळं सोपं दिसलं. मत्स्यबीजवाला काय वेडा होता? मोबाईलवर पाहिलं, तिथंही तेच. मासे जगवायचे असतील तर उलट खायला घालूच नये. राहता राहिली बाई. तिला कळतं काय?

गोदामातून एक ताडपत्री आणली. गाडीवर माल बांधतो तशी टाकी चहूकडून करकचून बांधली. बायको म्हणाली, "काकाजींना फोन करून विचारा ना आधी." मी म्हणालो, ऑपरेशनच्या दिवशी माशांसाठी फोन करतात काय?

चारला बाई ताटली घेऊन आली. ताडपत्रीकडे पाहत उभी राहिली. "पोट्टे कुठी गेले?"

"जेवले ना बाई," मी म्हणालो. "पोटभर जेवले आणि झोपले."

"सगळेच?"

"सगळेच."

तिनं ताडपत्रीवरून एकदा हात फिरवला. मग ताटली माझ्या बायकोच्या हातात दिली. "वाढ वं मले," म्हणाली, आणि भाकरी-वांग्याची भाजी जेवली, वर ताक मागितलं. मी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. पाच वर्षं तो माणूस चुलीत जळत होता आणि उत्तर एका वाक्याचं होतं.

तिसऱ्या दिवशीही तिनं विचारलं, मीही तेच सांगितलं. चौथ्या दिवशी विचारलं नाही. अंगणातही आली नाही. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, कणीक मळायला घेतली नव्हती. ताट नेलं तर थोडं खाल्लं. शांत वाटत होती. मला ते चांगलंच लक्षण वाटलं.

पाचव्या दिवशी काकाजी पोटाला हात धरून रिक्षातून उतरले ते सरळ मागे गेले. ताडपत्री पाहिली. मी मोठ्या उत्साहात सगळं सांगितलं, अगदी बाईनं ताक मागितल्यापर्यंत. त्यांनी मला मध्ये थांबवलं.

"तू तिले काय म्हटलं? जसंच्या तसं सांग."

"जेवले आणि झोपले म्हणालो."

ते पायरीवर हळूच बसले. "झोपले म्हटलं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "झोपलेल्या पोट्ट्याले ती कधी उठवत नव्हती. आमची शाळा बुडली तरी नाही." मग म्हणाले, "काढ ते ताडपत्री."

पाणी पंधरा होतं. चौदाच्या चौदा मासे तळाशी, कल्ले हलताहेत. एकही मेला नव्हता. त्यांना आता डबा उचलायची मनाई होती, म्हणून मी उचलले. सहा नव्हे, दिवसाला आठ. गोदामात खोटं सांगून रजा घेतली. तिसऱ्या दिवशी पाणी एकोणीस झालं, मासे वर येऊन पाण्याला तोंडं लावायला लागले. काकाजींनी स्वतः कणीक मळली, गोळ्या वळल्या, बाईला हात धरून बाहेर आणलं आणि ताटली तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं पाण्यात पाहिलं. मासे तिच्या सावलीखाली गोळा झाले. "कोनाचे हो मासे हे?" तिनं काकाजींना विचारलं. "चांगले पोसले."

"बाई, पोट्टे आहेत ना. शाळेतून आले. भूक लागली त्याईले."

"कोनते पोट्टे?" ती म्हणाली. परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीनं हसली आणि आत जाऊन आडवी झाली.

रोज चारला आम्ही तिला बाहेर आणायचो. रोज नवे मासे पाहिल्यासारखं पाहायची. ताटापुढे बसवलं तर दोन घास खाऊन म्हणायची, "झालं माह्यं." बळजबरी केली तर घास गालात धरून ठेवायची. तिला कशाचं दुःख होतं असं दिसत नव्हतं. सगळं काम आवरलेल्या बाईसारखी ती पडून राहायची. डॉक्टर घरी येऊन गेले, वयाचं सांगून गेले. महाशिवरात्र झाली, ऊन चढलं, डब्यांची गरज उरली नाही, पाणी आपलं आपण चोवीस झालं. होळीच्या आठ दिवस आधी बाई गेली.

तेरवीपर्यंत घरात नातेवाईक होते, काकाजींच्या पुढे ताट येत होतं, ते जेवत होते. सगळे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ताट घेऊन खाली गेलो. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. बायकोनं ताट ठेवलं. त्यांनी पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"बाई जेवली काय?" त्यांनी विचारलं.

बायकोनं तोंडाला पदर लावला. माझं उत्तर तयार होतं. जेवल्या, झोपल्या. तेवढं म्हटलं असतं तर ते जेवलेही असते.

"नाही काकाजी," मी म्हणालो. "बाई आता नाहीत."

त्यांनी मान वर केली. सवयीनं विचारलं गेलं हे त्यांचं त्यांनाही कळलं असावं. पण माझ्यावरची नजर त्यांनी काढली नाही. दोन महिन्यांत त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नव्हता.

"तिलेही असंच खरं सांगाचं होतं गा," ते म्हणाले. "पोट्टे उपाशी आहेत म्हनून. ती थांबली असती."

मग त्यांनी ताट पुढे ओढलं.